राखणदाराच्या छातीतला जंत

मृगाचा पाऊस पडून गेला की चार-दोन दिवसांत बांधावर एक गंमत दिसते. काळ्या, टणक पाठीचा शेणकिडा डोके खाली घालून, मागच्या पायांनी शेणाचा गोळा ढकलत निघालेला असतो. तुमच्या मळ्यातला कुत्रा त्याच्या मागे लागतो. हुंगतो, पंजा मारतो, आणि मनात आले तर गट्ट करून टाकतो. आपण पाहतो, हसतो आणि सरत्याला हात घालतो. कपाशी लावायच्या दिवसांत कुत्र्याने किडा खाल्ला याकडे कोण लक्ष देणार?

पण त्या किड्याच्या पोटात काय होते, ते संक्रांतीच्या सुमाराला कळते. कुत्रा भाकरीवर तुटून पडतो खरा, पण दोन-चार घास गेले की मान लांब करतो आणि खाल्लेले जसेच्या तसे परत टाकतो. तोंडातून लाळ गळते. अधूनमधून ठसकतो. बरगड्या दिसू लागतात. खळ्यावर बसलेला म्हातारा पाहतो आणि लगेच निदान सांगतो, ‘‘त्याना गयामा हाडूक अडकी गयं!’’ मग कोणीतरी कुत्र्याचा जबडा उघडून आत बोटे घालायला पुढे होतो.

वाचकहो, तिथेच थांबा. या लेखातली बाकीची एकही गोष्ट लक्षात राहिली नाही तरी चालेल, पण ही ठेवा. ज्या कुत्र्याला गिळता येत नाही, लाळ गळते, आवाज बदलला आहे किंवा जबडा लोंबतो आहे, त्याच्या तोंडात हात घालायचा नाही. पिसाळलेला कुत्रा दरवेळी अंगावर धावून येतोच असे नाही. रेबीजचा एक मुका प्रकार असतो. त्यात कुत्रा कोपऱ्यात गप्प बसतो, जबडा लुळा पडतो, गिळणे बंद होते, आणि घरच्यांना वाटते की हाड अडकले. लाळ लागलेल्या हाताला साधी खरचट असली तरी धोका आहे. लाळ लागलीच असेल तर वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे हात धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठा. लस तिथे मोफत मिळते. रेबीजची लक्षणे एकदा उमटली की कुत्रा काही दिवसांतच जातो आणि माणसालाही जवळजवळ इलाज उरत नाही. म्हणून आधी डॉक्टर, मग हाड.

डॉक्टरांनी पाहिले, रेबीज नाही, हाडही नाही. तर मग काय? एक कारण असे आहे, की ज्याचे नाव आपल्याकडे फारसे कोणी घेत नाही. हा आहे कुत्र्याच्या छातीत घर करणारा लाल जंत. शास्त्रात त्याला ‘स्पायरोसर्का लुपी’ म्हणतात. ‘लुपी’ म्हणजे लांडग्याचा. रुडॉल्फी या शास्त्रज्ञाने १८०९ साली त्याची नोंद केली.

हा जंत आतड्यात राहत नाही, आणि सगळी मेख इथेच आहे. आपल्या डोक्यात जंत म्हणजे आतड्यातला, विष्ठेत पडणारा, गोळी दिली की जाणारा. या पठ्ठ्याची वाट वेगळी आहे. जंत असलेल्या कुत्र्याच्या विष्ठेतून त्याची सूक्ष्म अंडी बाहेर पडतात. शेणकिडा ती विष्ठा खातो. किड्याच्या अंगात अंड्यातून अळी निघते आणि सुमारे दोन महिन्यांत पुढच्या प्रवासाला तयार होते. कुत्र्याने तो किडा खाल्ला की अळी पोटात मोकळी होते, जठराची भिंत पोखरते आणि तिथल्या बारीक धमनीच्या भिंतीत शिरते. मग त्या भिंतीतून सरकत सरकत, सुमारे तीन आठवड्यांत, हृदयातून निघणाऱ्या मुख्य धमनीत पोहोचते. छातीतून पाठीच्या कण्यालगत खाली जाणारी जाड नळी ती हीच. साऱ्या अंगाला लागणारे रक्त हिच्यातून जाते.

त्या धमनीच्या भिंतीत अळ्या दोन-तीन महिने मुक्काम करतात. तिथे सूज येते, व्रण पडतात, भिंत खडबडीत आणि कमकुवत होते. मग अळ्या शेजारच्या अन्ननलिकेत जातात. छातीत या दोन नळ्या अगदी लगटून असतात, म्हणून ही उडी सोपी. अन्ननलिकेच्या भिंतीत त्या गाठ करतात. सुपारीएवढी, पुढे लिंबाएवढी, कधी त्याहून मोठी. गाठीत दोन-तीन इंच लांबीचे लालगुलाबी जंत वेटोळे घालून बसतात. गाठीला आतून बारीक छिद्र असते. त्यातून अंडी अन्नात मिसळतात आणि विष्ठेतून बाहेर पडतात. किडा खाल्ल्यापासून इथपर्यंत यायला पाच-सहा महिने जातात. जूनमध्ये गिळलेल्या किड्याचा हिशेब डिसेंबर-जानेवारीत लागतो, तो असा. तोवर पावसाळा, किडा, सगळे विसरून गेलेले असते.

आता लक्षणे बघा. गाठीमुळे अन्ननलिका अरुंद होते म्हणून घास परत येतो. ही खरी उलटी नव्हे. उलटीत कुत्र्याचे पोट आत-बाहेर होते, जोर लागतो, पित्त पडते. इथे तसा जोर दिसत नाही. न पचलेला घास नळीच्या आकाराचा होऊन नुसता बाहेर घसरतो. डॉक्टरांना सांगताना एवढा फरक सांगितला तरी त्यांचे अर्धे काम होते. परत आलेला घास कधी श्वासनळीत उतरतो आणि फुप्फुसाला सूज येते. मोठी गाठ श्वासनळीवर दाबते. काही वेळा छातीत पू होतो. खोकला, धाप, ताप हे असे सुरू होतात. छातीच्या मागच्या भागातल्या मणक्यांनाही सूज येते, कुत्रा पाठ ताठ धरून चालतो. काहींचे पाय कोपरापासून खाली जाड होतात, हाडांवर हाड चढते आणि ते लंगडतात. छातीतल्या गाठीचे दुखणे पायात कसे उतरले, याचे मालकाला कोडे पडते. जुनी गाठ कधी कधी कर्करोगाची होते. ही गोष्ट १९५० च्या दशकात अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात पशुवैद्यकांच्या लक्षात आली. जंतामुळे कर्करोग होतो, याचे हे प्राण्यांतले एक ठळक उदाहरण मानले जाते.

शेजाऱ्यावर संशय

आणि काही कुत्री यातले एकही लक्षण न दाखवता मरतात. रात्री भाकर खाल्ली, बांधावर भुंकले, सकाळी गोठ्याच्या दारात मरून पडलेले. अंगावर जखम नाही, सापाचा दंश दिसत नाही. मग सगळ्यांच्या तोंडी एकच येते, ‘‘कोणी तरी विष घातलं.’’ हे कोणी तरी म्हणजे बहुतेक वेळा बांधाला बांध असलेला शेजारी, ज्याच्याशी मागच्या वर्षी पाटाच्या पाण्यावरून किंवा धुऱ्यावरच्या बाभळीवरून बोलाचाली झालेली असते. कुत्र्यावरून सुरू झालेले भांडण पोलीस पाटलांच्या ओट्यावर जाते आणि पुढे दोन घरांतले लग्नकार्याचे येणेजाणे तुटते. कुत्र्यावर विषप्रयोग होत नाहीत असे नाही. होतात, आणि तो गुन्हा आहे. पण असा आरोप करण्याआधी कुत्र्याची छाती उघडून बघायला हवी.

कारण पोखरलेल्या धमनीला कधी फुगवटा येतो, सायकलच्या टायरमधून ट्यूब बाहेर डोकावते तसा. जंत तिथून निघून अन्ननलिकेत गेले तरी धमनीवरचे वण जन्मभर राहतात. एखाद्या दिवशी रानडुकरामागे धावताना, किंवा झोपेतसुद्धा, तो फुगवटा फुटतो. छाती रक्ताने भरते आणि कुत्रा काही क्षणांत संपतो. अशा कुत्र्याच्या हिरड्या पांढऱ्याफटक दिसतात. कीटकनाशकाच्या विषबाधेत बहुधा फेस येतो, अंग थरथरते, झटके येतात, हगवण लागते. जमिनीवर तडफडल्याच्या खुणा असतात. नुसत्या या खुणांवरून ठाम सांगता येत नाही. सांगते ते शवविच्छेदन. पोलिसांत तक्रार द्यायची तरी अहवाल लागतोच. धमनी उभी चिरली की आतली गुळगुळीत भिंत खाचाखळग्यांची झालेली दिसते, आणि शेजारी अन्ननलिकेत गाठ सापडली की शंका उरत नाही. मेलेले कुत्रे लवकरात लवकर न्यावे, उन्हाळ्यात तर त्याच सकाळी. मात्र मरण्याआधी वागणे बदलले होते, कोणाला चावले होते किंवा जबडा लोंबत होता, तर ते आधी सांगा. रेबीजचा संशय असताना छाती उघडायचे धाडस कोणी करू नये.

सरडा मध्येच कुठून आला?

तुम्ही म्हणाल, आमचा कुत्रा शेणकिडे खात नाही. नसेल खात. पण सरडा पकडतो ना? जंताची ही अळी फार चिवट. शेणकिडा सरड्याने खाल्ला, उंदराने खाल्ला, कोंबडीने टिपला, तर अळी त्यांच्या अंगात वाढत नाही, पण मरतही नाही. गुंडाळून, दबा धरून बसते. पुढे कुत्र्याने तो सरडा खाल्ला की तिचा खोळंबलेला प्रवास सुरू. आपल्या कुंपणावर मान हलवत बसतो त्याच जातीच्या सरड्यातल्या अळ्या कुत्र्यांना देऊन अनंतरामन आणि सेन या शास्त्रज्ञांनी मद्रासमध्ये हे सिद्ध केले. त्यांचा निबंध १९६६ साली प्रसिद्ध झाला. म्हणजे हा रोग काही परदेशातून आलेला नवा पाहुणा नाही. शेणकिडा, सरडा आणि मोकळा फिरणारा कुत्रा, एवढ्या तीन गोष्टी त्याला पुरतात. कासोद्यापासून रिंगणगावापर्यंत कुठल्याही शिवारात त्या तिन्ही आहेत. साक्रीकडचे ठेलारी मेंढ्या घेऊन रानोरान फिरतात. त्यांच्यासोबतच्या कुत्र्यांना तर रोज नवे रान, रोज नवे सरडे.

कोंबडीची गोष्ट जरा नीट ऐका, कारण इथे चूक आपल्या हातून होते. परसात फिरणारी गावरान कोंबडी उकिरड्यावरचे शेणकिडे टिपते. अळ्या तिच्या गळ्याखालच्या अन्नाच्या पिशवीच्या भिंतीत जाऊन बसतात. पाहुणे आले, कोंबडी कापली, आणि नको असलेला भाग आपण कच्चाच कुत्र्यापुढे टाकला. कुत्रा शेपूट हलवतो, आपल्यालाही बरे वाटते. तेच आतडे-कातडे दहा-पंधरा मिनिटे चांगले खदखदवून दिले असते तर अळी मेली असती. चूल पेटलेलीच असते, वेगळा खर्च नाही.

मोगरीसारखे शेणकिडे ठेचत सुटू नका, हेही सांगायला हवे. गुरांच्या शेणात या जंताची अंडी नसतात. ती येतात कुत्र्याच्या विष्ठेतून. शेणकिडा हा तर शेतकऱ्याचा बिनपगारी गडी. शेण जमिनीत पुरतो, माती भुसभुशीत करतो, शेणावर वाढणाऱ्या माश्या कमी करतो. उपाय करायचा तो विष्ठेचा. घराभोवती, गोठ्यात, खळ्यावर पडलेली कुत्र्याची विष्ठा रोज सकाळी उचलून जाळावी किंवा झाकणाच्या खोल खड्ड्यात टाकावी. वरवर माती लोटून उपयोग नाही. माती उकरून खाली जाणे हाच किड्याचा धंदा आहे. सबंध शिवारातली विष्ठा कोण गोळा करणार, हा प्रश्न रास्त आहे, आणि त्याला उत्तर नाही. पण कुत्रा सर्वाधिक वेळ जिथे असतो ती जागा तरी आपल्या हातातली आहे.

आणखी एक. कुत्रा सरडे-उंदीर का मारून खातो? सवय असतेच, पण बरेचदा भूकही असते. रात्रभर जागल करणाऱ्याला आपण कळण्याच्या भाकरीचा उरलेला तुकडा टाकतो आणि तो पोटभर झाला असे समजतो. एरंडोल म्हणजे जुनी एकचक्रानगरी, पांडव इथे राहून गेले, असे आपण अभिमानाने सांगतो. त्या पांडवांतल्या धर्मराजाने सोबतच्या कुत्र्याला सोडून स्वर्गात जायचे नाकारले, हेही आपल्याला पाठ असते. आपल्या दारातल्या कुत्र्याला निदान दोन वेळची पूर्ण भाकर तरी असावी.

गोगलगायीची गोष्ट

फुप्फुसातला जंत म्हटले की परदेशातले पशुवैद्यक दुसऱ्याच एका जंताची गोष्ट सांगतात. ती थोडक्यात सांगतो, कारण शहरात शिकणारी मुले हल्ली मोबाइलवर तेच वाचून घरी फोन करतात आणि गोंधळ होतो. युरोपातल्या ओल्या, थंड भागात ‘अँजिओस्ट्राँगायलस व्हेसोरम’ नावाचा जंत आहे. तो एकोणिसाव्या शतकात फ्रान्समध्ये सापडला. ब्रिटनमध्ये आधी वेल्स आणि दक्षिणेकडच्या कोपऱ्यात होता, आता स्कॉटलंडपर्यंत पोहोचला आहे. तो हृदयाच्या उजव्या कप्प्यात आणि हृदयाकडून फुप्फुसाकडे जाणाऱ्या धमनीत राहतो. त्याची पिले फुप्फुसात फुटतात, खोकल्यातून घशात येतात, गिळली जातात आणि विष्ठेतून बाहेर पडतात. पुढे गोगलगाय त्यांना पोसते आणि गोगलगाय खाणाऱ्या कुत्र्याला बाधा होते. खोकला, थोडे चालले की दम, रक्त न गोठणे, आणि फुप्फुसातला दाब वाढून शेवटी हृदय थकणे, अशी त्याची चाल. याच घराण्यातला उंदरांचा फुप्फुसजंत मुंबईतही आहे. हाफकिन संस्थेतल्या रेणापूरकर आणि सहकाऱ्यांनी मुंबईतल्या उंदीर-घुशींमधून त्याची नोंद १९८२ साली प्रसिद्ध केली. तिसरा जंत डासातून पसरतो आणि थेट हृदयात लोंबतो. आपल्या देशात त्याचा त्रास मुख्यतः आसामकडे, ईशान्येला आहे. आपल्या कोरड्या खानदेशात छातीच्या जंताचा विचार करताना आधी शेणकिड्याचा जंत आठवावा, असे माझे मत.

लहान पिल्लाचा खोकला मात्र वेगळा. साधे गोल जंत आणि आकडी जंत यांच्या अळ्याही आतड्यात जाण्याआधी फुप्फुसातून जातात, म्हणून पिल्लू ठसकते. आकडी जंत रक्त पितात, हिरड्या पांढऱ्या पडतात, छाती धडधडते. या जंतांना नेहमीची गोळी चालते. पिल्लू दोन आठवड्यांचे झाले की डॉक्टरांना विचारून ती सुरू करावी.

शेणकिड्याच्या जंताला मात्र ती गोळी पुरत नाही. ‘दर वर्षी जंताची गोळी देतो, मग जंत कसा?’ असे विचारणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. गाठीत बसलेल्या जंतापर्यंत पोहोचणारे औषध म्हणजे डोरामेक्टिनचे इंजेक्शन. साधारण दोन आठवड्यांच्या अंतराने ते अनेकदा द्यावे लागते. वेळेवर सुरू झाले तर गाठ आकसते आणि कुत्रा पुन्हा पोटभर खाऊ लागतो. कर्करोग झाला असेल तर औषधाचा उपयोग नाही. गाय-म्हशीसाठी आणलेली आयव्हरमेक्टिनची बाटली गोठ्यात पडलेली असते, आणि ‘त्याच जातीचे औषध’ म्हणून ती कुत्र्याला टोचायचा मोह होतो. तसे करू नका. गुराचा डोस आणि कुत्र्याचा डोस यात फार अंतर आहे. कोली वगैरे विलायती मेंढपाळ जातींच्या कुत्र्यांना आणि त्यांच्या संकरांना तर ही औषधे थोड्या जास्त मात्रेतही मेंदूत चढतात आणि मारतात. आयव्हरमेक्टिनच्या शोधाला २०१५ साली नोबेल मिळाले, औषध मोठे आहे यात शंका नाही. पण त्याचा अंश शेणातून उतरतो आणि शेणकिड्याच्या पिलांना मारतो. गुरांनाही गरजेपुरतेच द्यावे, त्याचे हे एक कारण.

तपासणी कशी करायची? सुरुवात तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातून करा. कुत्रा नेता येत नसेल तर १९६२ हा पशुवैद्यकीय सेवेचा फोन आहे, फिरत्या पथकाबद्दल तिथे विचारा. विष्ठेच्या तपासणीत अंडी दिसली तर निदान पक्के. पण अंडी फार बारीक आणि हलक्या हाताने पडणारी, आज आहेत तर उद्या नाहीत. एकदा ‘काही नाही’ आले म्हणून समाधान मानू नये. गाठीचे तोंड बंद असले तर अंडी बाहेर येतच नाहीत. अशा वेळी छातीचा एक्स-रे काढावा, त्यात हृदयाच्या मागे, कण्याखाली गाठीची सावली दिसते. तोंडातून दुर्बीण घालून गाठ प्रत्यक्ष बघण्याची सोय मोठ्या शहरातच मिळते. ज्यांना जमेल त्यांनी परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात विचारावे. ते १८८६ पासून आहे. सगळ्यांना मुंबई परवडणार नाही, हे उघड आहे. मग निदान नमुना तरी नीट द्या. तीन वेगवेगळ्या दिवसांची ताजी विष्ठा, प्रत्येक दिवसाची वेगळ्या स्वच्छ डबीत, हाताला प्लॅस्टिकची पिशवी घालून, बोराएवढी पुरे. डबीवर तारीख लिहा. उन्हात मोटारसायकलच्या डिकीत ठेवू नका. ओल्या फडक्यात गुंडाळून त्याच दिवशी पोचवा, आणि देताना सांगा की शेणकिड्यातून होणाऱ्या अन्ननलिकेच्या जंतासाठी तपासायची आहे. तसे सांगितले नाही तर नेहमीच्या आतड्यातल्या जंतांसाठी बघितली जाईल, आणि ही बारीक अंडी नजरेतून सुटतील.